दवाखान्यात नेणार, म्हणजे कुठे नेणार?

मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले करोना रुग्ण चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवले गेले. तेव्हा रोज टीव्हीवर दिसणाऱ्या या दवाखान्याला पूर्वी आर्थर रोड हॉस्पिटल म्हणायचे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार याच दवाखान्यावर चालून गेले होते. शहरात प्लेग जाहीर होऊन जेमतेम महिना उलटला होता. साथ वाढत होती, लोक मरत होते, आणि अशा वेळी जमाव दवाखाना फोडायला निघाला होता.

ही घटना पहिल्यांदा वाचली की आपल्या तोंडून पटकन निघतं, ‘अडाणी लोक, दुसरं काय?’ तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही साधारण हेच लिहून ठेवलंय. पण पुढचे तपशील वाचत गेलो, तसं मला वाटायला लागलं की त्या जमावाच्या मनात एक अगदी सरळ प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. माणसाला दवाखान्यात नेणार, म्हणजे नक्की कुठे नेणार? आणि तो परत येणार का?

आधी घटनाक्रम. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या शेजारी, डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची तपासणी करून हा गाठीचा प्लेग असल्याचं सांगितलं. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातलं जवळजवळ निम्मं शहर गाव गाठून मोकळं झालं होतं. गिरण्यांना माणसं मिळेनात, म्हणून मालकांवर रोजच्या रोज मजुरी द्यायची वेळ आली. एरवी पगार हातात पडायला महिना उलटून जायचा, तिथे नाक्यावर उभं राहून कामगार भाव ठरवू लागले.

म्युनिसिपल कमिशनर होते स्नो. त्यांनी ६ ऑक्टोबर १८९६ ला हुकूम काढला. घरं निर्जंतुक करायची, रुग्ण शोधायचे, आणि गरज पडली तर जबरदस्तीने दवाखान्यात हलवायचे. तीन आठवड्यांत आर्थर रोडवर हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ३० ऑक्टोबरला, हुकूम सौम्य झाला. ज्याच्या घरी रुग्णाला वेगळं ठेवायची आणि उपचारांची नीट सोय आहे, त्याला घरीच राहू द्यायचं असं ठरलं. स्नोसाहेबांना आणखी एक भीती होती. शहराचा मैला वाहणारे हलालखोर भिऊन पळून गेले, तर मुंबई प्लेगआधी घाणीनेच मरेल. म्हणजे ज्या माणसांना शहराने सगळ्यात खाली ठेवलं होतं, त्यांच्या मताला त्या महिन्यात अचानक वजन आलं.

पण या सवलतीकडे नीट बघा. ‘घरात वेगळी सोय असेल तर.’ गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं राहायची. वेगळी सोय कुठून येणार? सवलत मिळाली ती ज्याच्याकडे जादा खोली होती त्याला. सव्वाशे वर्षांनी आपल्याकडे ‘होम क्वारंटाइन’ आलं, तेव्हा नियमात स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास लिहिलेला होता. चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसाची रवानगी शाळेत नाहीतर स्टेडियममध्ये झाली आणि टॉवरमधला माणूस बेडरूमचं दार लावून बसला. साथ एकच, नियमही एकच, पण तो लागू होताना घराचं क्षेत्रफळ मध्ये येतं.

आता दवाखान्याच्या आत बघू. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे १८९६ साली कुणालाच ठाऊक नव्हतं. उंदरावरच्या पिसवांमुळे तो पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढची सात-आठ वर्षं गेली. अँटिबायोटिक्स यायला तर अजून चाळीसेक वर्षं होती. त्यामुळे प्लेगच्या दवाखान्यात खाट होती, कार्बोलिक ॲसिडचा वास होता, थोडी शुश्रूषा होती आणि औषध नव्हतं. लोक रुग्णाला शेवटच्या क्षणापर्यंत लपवायचे, त्यामुळे दाखल व्हायचे तेच अखेरच्या अवस्थेत. निम्म्याहून जास्त रुग्ण तिथेच मरायचे. बाहेरच्या माणसाला दिसायचं ते एवढंच की आत गेलेला परत येत नाही.

मग अफवा उठल्या. डॉक्टर माणसं मारतात. प्रेतं चिरतात. त्याच महिन्यात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं. हे काम चाफेकर बंधूंचं होतं, हे पुढे कळलं. त्यावरून अशी अफवा पसरली की राणीचा राग शांत करायला आर्थर रोडच्या रुग्णांची काळजं काढून विलायतेला पाठवतात. हे वाचून हसू येतं. पण २०२० च्या उन्हाळ्यात ‘पॉझिटिव्ह दाखवून किडन्या काढतात’ हे व्हॉट्सॲपवर किती जणांनी वाचलं असेल, आठवून बघा. बंद दाराआड माणूस जातो, नातेवाइकाला भेटू देत नाहीत, बॉडी गुंडाळून परस्पर नेतात. मधली मोकळी जागा भरायला कुणीतरी गोष्ट रचतंच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कपॅसिटी म्हणजे एक आकडा असतो. एका सेकंदाला किती रिक्वेस्ट झेपतील, किती जण रांगेत थांबतील, कुठल्या क्षणी सिस्टिम कोसळेल. एप्रिल-मे २०२१ मध्ये सगळा महाराष्ट्र याच भाषेत बोलू लागला होता. ऑक्सिजन बेड किती, व्हेंटिलेटर किती, वॉर्ड वॉर रूमचा फोन लागतो का. दवाखान्याची कपॅसिटी म्हणजे खाटा, असं आपण तेव्हा गृहीत धरलं. १८९६–९७ चा इतिहास हे गृहीतक मोडतो. सरकार खाटा वाढवू शकत होतं, मांडव घालून दवाखाने उभे करू शकत होतं. त्या खाटेवर आपल्या पायांनी येऊन झोपायला लोक तयार नव्हते.

पुण्यात हा तिढा सगळ्यात वाईट पद्धतीने सोडवायचा प्रयत्न झाला. ४ फेब्रुवारी १८९७ ला एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट मंजूर झाला. चार कलमांचा छोटासा कायदा. सरकारला साथीच्या काळात वाटेल ते नियम करता येतील, मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असा त्याचा सारांश. एवढ्या घाईचं एक कारण व्यापार हे होतं. त्याच सुमारास व्हेनिसमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरत होती आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावर युरोपातली बंदरं बंद होण्याची भीती होती. साथ आटोक्यात आहे, हे लंडनला आणि व्हेनिसला दाखवायचं होतं.

याच सुमारास वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख झाला. १३ मार्चला घरझडत्या सुरू झाल्या आणि मेच्या मध्यापर्यंत चालल्या. त्यासाठी आठ-नऊशे सैनिक लावले होते, त्यांत गोरे सोजीर मोठ्या संख्येने. स्थानिक नोकरांवर विश्वास नाही, ते लाच खातील, जातभाईला सोडतील, असा रँडचा हिशेब होता. सोजीर लाच खाणार नाही हे एक वेळ मान्य करू. पण त्याला मराठी येत नव्हतं. देवघर कुठलं, स्वयंपाकघर कुठलं, हे कळत नव्हतं. काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे बघायचं होतं, आणि ते बायकांचंही. सामान रस्त्यावर, कपडे-अंथरुणं जाळायला, रुग्ण दवाखान्यात आणि घरातली बाकी माणसं विलगीकरण छावणीत.

शाळेत आपल्याला या गोष्टीचा शेवट आधी शिकवतात. २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंड, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतणाऱ्या गाड्या, चाफेकरांच्या गोळ्या. आयर्स्ट जागीच ठार, रँड ३ जुलैला मेला. चाफेकर बंधू आणि महादेव रानडे फासावर गेले. हे सगळं खरंच आहे. पण गोळी या गोष्टीचा केंद्रबिंदू झाली, की तिच्या आधीच्या चार महिन्यांत लोक काय म्हणत होते ते ऐकू येईनासं होतं.

आणि ते म्हणणं एकसुरी नव्हतं. टिळकांचंच घ्या. आपल्या डोक्यात टिळक म्हणजे प्लेगच्या बंदोबस्ताचे विरोधक. प्रत्यक्षात रुग्णाला वेगळं ठेवणं गरजेचं आहे हे त्यांना मान्य होतं. साथ सुरू होताच पुणं सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली आणि स्वतः शहरात राहिले. हिंदू प्लेग हॉस्पिटल काढण्यात पुढाकार घेतला, तिथे स्वतः जात राहिले. त्यांचा आक्षेप होता तो बंदोबस्त कोण करतंय आणि कसा करतंय यावर. लोकांच्या ओळखीचे स्वयंसेवक बरोबर घ्या, असं ते आणि इतर अनेक जण सांगत होते. टिळकांशी एरवी कडाक्याचे मतभेद असणारे सुधारकी गटातले लोकही झडत्यांवर चिडलेले होते. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या दवाखान्यातल्या कारभाराबद्दल, तिथे आपल्या एका मुलीचं काय झालं याबद्दल, वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. टिळक आणि रमाबाई एकाच बाजूला दिसावेत असे प्रसंग त्या काळात किती सापडतील?

गोखल्यांचा प्रसंग तर मला सगळ्यात जास्त चटका लावतो. ते तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्यांच्या आधारावर, सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात केला. परत आले, पुरावा मागितला गेला, पण पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते. तोवर रँडचा खून झालेला, नातू बंधूंना चौकशीशिवाय अटकेत टाकलेलं, टिळकांवर राजद्रोहाचा खटला. अशा वातावरणात ‘हो, मी लिहिलं’ असं कोण म्हणणार? गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत आणि जाहीर माफी मागितली. दुसऱ्या बाजूला रँडच्या अहवालात नोंद आहे की स्त्रीची मुद्दाम बेअदबी झाल्याची विश्वसनीय अशी एकही तक्रार आली नाही.

सर्व्हरवर एकही एरर दिसत नसेल, तर त्याचे दोन अर्थ असतात. एकतर सगळं सुरळीत चाललंय, नाहीतर एरर कळवणारी यंत्रणाच बंद पडलीय. अनुभवी माणूस आधी दुसरी शक्यता तपासतो. रँडने पहिली धरली. ज्या सैनिकाविरुद्ध तक्रार करायची, तो उद्या पुन्हा त्याच दारात येणार होता. ज्या बाईवर प्रसंग ओढवला, तिने तो चारचौघांत सांगायचा, म्हणजे तिच्या घराण्याची अब्रू जाणार. तरीही तक्रारी किती आल्या हा आकडा सरकारने जनमत म्हणून वाचला. मग खरं जनमत वेगळ्या वाटांनी बाहेर पडलं. रुग्ण लपवण्यात, गाव सोडण्यात, आणि अखेर गणेशखिंडीत.

याच्या बरोबर उलटं चित्र पुण्याच्याच वेशीबाहेर होतं. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेऊन प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला होता. तिथे बंदूक नव्हती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तीन दिवसांनी रँडच्या झडत्या सुरू झाल्या. औषध ना इकडे होतं ना तिकडे. पण ‘कुठे नेणार’ या प्रश्नाला ससाणे मळ्यात एक उत्तर होतं, आणि ते उत्तर सहासष्ट वर्षांची बाई स्वतःच्या खांद्यावर वाहत होती.

सरकारलाही हे हळूहळू कळलं, पण त्यासाठी आणखी रक्त सांडलं. मुंबईत १८९७ च्या मार्चपासून जनरल गेटॅकरच्या प्लेग कमिटीने एक गोष्ट शहाणपणाची केली. वेगवेगळ्या समाजांना आपापले दवाखाने काढायला उत्तेजन दिलं. आपल्या ओळखीचा वैद्य, आपल्याकडचं जेवण, नातेवाइकांना भेटायची मुभा. लोक यायला लागले. यात एक मोठी खोच होती, तीही बोलायला हवी. जातवार दवाखाना त्या जातीचा असतो, जिच्याकडे देणगीदार आहेत. ज्यांच्या समाजात शेठ नव्हते त्यांच्या वाट्याला सरकारी मांडवच उरला. विश्वास वाढला, पण तो वाटला गेला जुन्याच उतरंडीने.

झडत्या मात्र चालूच होत्या. ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला न्यायला पथक आलं. वस्तीने नकार दिला. दंगल पेटली, गोळीबार झाला, दोन गोरे सैनिक मारले गेले, आणि पाठोपाठ गाडीवान, गोदी कामगार संपावर गेले. बंदर ठप्प झालं. ज्या व्यापारासाठी एवढी सक्ती केली, तो व्यापारच सक्तीमुळे थांबला. त्यानंतर धोरण बदललं. झडत्या आणि जबरदस्तीने हलवणं मागे पडलं, स्थानिक पुढारी आणि स्वयंसेवक पुढे आले. प्रो. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन नेमलं गेलं, त्याच्या चौकशीतूनही सक्तीच्या मर्यादा उघड झाल्या.

लशीची गोष्टही याच वळणाने गेली. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला आपली लस टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. आगाखानांनी लोकांसमोर लस घेतली. सक्ती करायची नाही असंच धोरण राहिलं. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका दूषित बाटलीमुळे १९ माणसं धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना दोषी धरून बाजूला केलं गेलं आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दोष सिद्ध होण्याआधी बातमी पोचते, निर्दोषत्व पाच वर्षांनी पोचतं. आज परळला त्यांच्या नावाची संस्था आहे.

आणि सगळ्यात मोठी गंमत पुढेच आहे. उंदीर पडला की घर सोडायचं आणि माळावर झोपडी बांधून राहायचं, हे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी अनुभवातून ठरवलं. पिसवांचा शोध मान्य झाल्यावर कळलं की लोकांचा हा उपाय बरोबर होता. उंदरांपासून आणि त्यांच्या पिसवांपासून लांब जाणं हाच त्या काळातला सगळ्यात चांगला बचाव होता. रेल्वेने लांब पळालेल्यांनी साथ पसरवली हेही तितकंच खरं. म्हणजे जनमत प्रत्येक वेळी बरोबर नसतं. ‘काळजं काढतात’ हेही जनमत होतं आणि ‘उंदीर पडला, बाहेर पडा’ हेही जनमत होतं. यातलं कुठलं कामाचं, हे कळायला आधी ते ऐकून घ्यावं लागतं. १८९७ मध्ये ते ऐकायची खिडकीच नव्हती.

२०२१ मध्ये लोक बेडसाठी रात्र रात्र फोन करत होते. १८९७ मध्ये लोक बेडपासून पळत होते. मधल्या काळात माणसं शहाणी झाली, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, दवाखाना बदलला. तिथे ऑक्सिजन होता, आत गेलेल्यांपैकी बरेच घरी परत येताना दिसत होते. लोक दोन्ही वेळा एकाच हिशेबाने वागले. जिथे जीव वाचेल तिथे जायचं.

१८९७ च्या त्या कायद्याचा आधार घेऊनच २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले. त्यात तेव्हा मोठी दुरुस्तीही झाली. डॉक्टर-नर्सवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली गेली. ती गरजेची होती, आर्थर रोडवर हल्ला करणाऱ्यांचे वारस अजून आपल्यात आहेत. अधिकाऱ्याला संरक्षण देणारं जुनं कलमही शाबूत आहे. पण माणसाला घरातून उचलल्यावर त्याच्या घरच्यांना काय सांगायचं, कुणी सांगायचं, चुकीचं उचललं तर दाद कुठे मागायची, याबद्दल त्या कायद्यात तेव्हाही काही नव्हतं आणि आजही नाही. पुढच्या साथीत डॅशबोर्ड आणखी चकाचक असेल, त्यावर रिकाम्या खाटांचा आकडा दर मिनिटाला बदलेल. तो आकडा बघून माणूस निघेल की दार लावून घेईल, हे मात्र या न लिहिलेल्या कलमावर ठरेल.